बगळ्यांची नक्षी

ताई,

आई आणि मी मामाला कळवायला अंजूरला जातोय. काल तुला बघायला आलेल्या खारबावच्या मंडळींचा निरोप आला. त्यांनी मला पसंत केलंय.

तू आत चहा करत होतीस, तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "भिंतीवरच्या चौकटीतले हे बगळे कोणी भरले?" मी म्हटलं, "मी." आईनं लगेच विषय बदलला.

त्यांना रुखवतात तसाच टेबलक्लॉथ हवाय. कापड खाटेवर ठेवलंय. नवी नक्षी खाडीवर बसून उतरवून आण, तुला तिथं फुकट सुचतं. कोपऱ्यात माझं नाव भर. रडायचं तर कापड बाजूला ठेवून रड. पांढऱ्यावर डाग दिसतो.

कमळ