गाळणीतली काळी रेघ

मंगळवार, संध्याकाळ. यवतमाळ, दवाखान्याची पायरी.

आज परत तोंड सुटलं माझं. तेही डायलिसिसचं मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर, कॉलेजातल्या ओळखीच्या पोरीवर.

मागच्या डायलिसिसला बाबांचं रक्त मशीनच्या गाळणीत गोठलं, तेवढं वायाच गेलं. आज आयसीयूत गेलो तर गाळणीत पुन्हा गोठल्या रक्ताची काळी रेघ. डोकंच फिरलं. "रक्त पातळ करायचं इंजेक्शन काहून नाही देऊन राह्यली? बाप माझा आहे!"

ती चिडली नाही. "काकांच्या पोटात जखम आहे, तिथून रक्त जाऊन राह्यलं. पातळ केलं तर ते थांबन का? म्हणून अर्ध्या अर्ध्या तासानं सलाइन सोडून गाळणी धुते. हे पाह्य."

तिनं सलाइन सोडलं. गाळणी फिकी झाली. रेघ होती, पण वाढली नव्हती.

नेरच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात. मी मधेच सोडलं, कायले ते मलेच माहीत नाही. तिच्याशी धड बोलायची हिंमत कधी झाली नाही, अन् ओरडायची झाली!

चार तास पूर्ण झाले. रेघ तेवढीच. सगळं रक्त बाबांना परत मिळालं. माफी मागायला गेलो, तोंडातून निघालं, "जेवली का?"

"गाळणी सोडून कधी जेवू? डबा तसाच आहे."

"जेव आता. बाबांजवळ मी थांबतो."

"ओरडशील त नाही ना कोणावर?" हसली.

तिचा डबा खाऊन होईपर्यंत बाबांचा हात धरून गुपचूप उभा राहिलो. माफी राहिली ती राहिलीच.