सहावी मूठ

शुक्रवार, १ ऑगस्ट. सकाळी साडेसहा.

बुधवारी सकाळी मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. अंघोळ केली, देवाजवळ दिवा लावला आणि कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायला बसलो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि प्रत्येक नावाला एक सुपारी ताटात, ही आमच्या घरची पद्धत. थोरले बंधू आबा, मी, माझा ललित, आबांचे विक्रम आणि प्रेमराज. पाच झाले. मग इकडेतिकडे बघून सहावी मूठ घातली. लाल गाडीच्या ड्रायव्हरच्या नावाने.

या वर्षी मोटार शर्यतीत लाल गाडीने एकही रविवार जिंकलेला नाही. माणूस चांगला, गाडी चांगली. टायर मी स्वतः टीव्हीवर बारकाईने बघतो. धुळ्याला हायवेवर बावीस वर्षं टायरचं दुकान चालवतोय, रबर मला कळतं. तरी हरतो. म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय आणि पोराच्या पाठीशी कुळदैवत नाही. परवा संध्याकाळी साडेसहाला हंगेरीची ग्रँड प्रिक्स, आणि त्याच दिवेलागणीला आमच्याकडे कानबाईची स्थापना. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

रोट बाहेरच्या माणसाच्या नावाने होत नाहीत. म्हणून त्याला घरातला करून घेतला.

संकल्प: तो जिंकला की सगळ्यांना सांगायचं. तोवर तोंड बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात.

मगनने ग्रुपवर शर्यतीचा प्रीव्ह्यू टाकला. ग्रुपमध्ये मी, झेरॉक्सवाला मगन, मेडिकलवाला रतिलाल आणि पुण्याहून ललित. हे वेड ललितनेच लावलं, आता तो स्वतः बघत नाही. मगनचं म्हणणं, ट्रॅक अरुंद आहे, ओव्हरटेक होत नाही, केशरी गाडी जिंकणार. झेरॉक्सवाल्याला एवढं आतलं कसं कळतं? मी लिहिलं की खरी गोष्ट टायरची आहे. त्यावर त्याने विचारलं की पुनाभाऊ, तिथे चार चाकं दोन सेकंदात बदलतात, तुमच्याकडे एकाला पाऊण तास लागतो, मग टायरबद्दल कुणाचं ऐकायचं? रतिलालने हसरा चेहरा टाकला. रतिलालवरही लक्ष ठेवायला हवं.

बायकोने, सुलक्षणाने, दुपारी विचारलं, घरात पुरुष किती? पाच, म्हणालो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच विचारलं. वयाप्रमाणे विस्मरण होतं. रात्री तिच्यासाठी चार बदाम भिजत घालणार आहे.

शनिवार, २ ऑगस्ट. सकाळी आठ.

बदाम तसेच वाटीत. सुलक्षणा बोलत नाही. चहा ठेवते, पण असा ठेवते की पिऊ नये.

माझ्या शर्टाचे खिसे उलटे केलेले सापडले. काल ती रतिलालच्या मेडिकलवर जाऊन मी काय काय औषधं नेतो ते विचारून आली, असं रतिलालनेच सांगितलं. तिला कुणीतरी फितवलंय. मगनची बायको लताबाई गुरुवारी विरजण मागायला आली होती. विरजण न्यायला पाऊण तास लागत नाही.

सकाळी अकरा.

आबा यावलहून आले. उद्या सगळ्यांबरोबर येणार होते, आज एकटेच पहिल्या बसने आले. माझ्याकडे न बघता थेट स्वयंपाकघरात. बराच वेळ हळू आवाजात बोलणं. मी पाणी प्यायला गेलो तर गप्प झाले. शेताच्या वाटणीचं असणार. आपण शांत राहायचं. ज्याच्या मनात काही नाही त्याला भीती नाही.

रात्री पावणेनऊ.

पहिला! क्वालिफाइंगमध्ये लाल गाडी पहिली. उद्या सर्वांच्या पुढून सुटणार. मगनच्याच म्हणण्याप्रमाणे तिथे मागून पुढे जाता येत नाही. ग्रुपवर मगन गप्प. सव्वा मूठ गव्हाची ही ताकद. हात जोडले.

त्या आनंदातच आबांनी ओट्यावर बोलावलं. म्हणाले, "पुना, ताटमा सुपाऱ्या सहा शेतस. सहावा कोन शे?"

ती सुपारी काढायची राहून गेली होती. मोजताना चुकलो, म्हणालो. आबा म्हणाले, "दुकानमा तू नट बी मोजीसन ठेवस. आन सुपारी कशी चुकनी?"

मग हळूहळू सगळं कळलं. सुलक्षणाने ताट बुधवारीच बघितलं होतं. चक्कीवर तिने दळण तोलूनही बघितलं, तेही सहा जणांचं. तिचं म्हणणं एवढंच, की सहाव्याचं नाव कळल्याशिवाय ती माझ्या शेजारी पूजेला बसणार नाही. जोडप्याशिवाय स्थापना नाही, आणि बावीस वर्षांत आमची स्थापना कधी चुकलेली नाही.

तिला माझा संशय येतो याचं वाईट वाटलं. संशयाने माणूस आतून खराब होतो. हे लताबाईंचं काम आहे याबद्दल आता शंका उरली नाही.

निर्णय: उद्या आठला शर्यत संपेल. जिंकल्याबरोबर नाव सांगायचं. जिंकलेल्या माणसाचं नाव घ्यायला लाज नसते.

रविवार, ३ ऑगस्ट. संध्याकाळी सहा.

घर भरलंय. चौरंग मांडला, झेंडू आले, पुरणाचा वास गल्लीभर. स्थापना सातला करायचं ठरत होतं. मुहूर्त सव्वाआठचा आहे, असं मी सांगितलं. हे खोटं नाही. कॅलेंडरच्या मागे बारीक अक्षरात बरंच काही असतं.

सात वाजून दहा.

पुढे आहे. पहिलाच आहे.

पाय धुवायला म्हणून तिसऱ्यांदा मागच्या दारी आलोय. आत आबा मांडीवर कानबाईचा नारळ घेऊन बसलेत. विक्रमने विचारलं, काकांचे पाय एवढे कशाने मळतात. सुलक्षणा भिंतीला टेकून दाराकडे बघतेय. नवी साडी आहे, पण पदराला पिन लावलेली नाही. म्हणजे बसायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसतं. अजून थोडा वेळ धीर धर, बाई.

साडेसात.

केशरी गाडी पुढे गेली. जिथे जाता येत नाही तिथून गेली. मगनकडे नीट चौकशी करावी लागेल.

सात पन्नास.

चंदेरीही गेली. कुणीतरी हवा कमी भरलीय. इथून मला दिसतंय, तिथल्या एवढ्या माणसांना दिसत नाही?

आठ वाजून दहा.

चौथा.

मगनने ग्रुपवर फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. आत आबा नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतायत.

आता नाव सांगणं शक्य नाही. दुसरं काही सांगता येईल. आजोबांच्या आत्म्यासाठी घातली. किंवा ललितला पुढे मुलगा होईल त्याच्यासाठी आगाऊ. हे सुलक्षणाला आवडेलही. पण मूठ कानबाईच्या नावाने दिवा लावून घातली आहे. तिच्यासमोर दुसऱ्याचं नाव कोणत्या तोंडाने घेऊ?

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी दहा. विसर्जन करून आलो.

काल सव्वाआठला आत गेलो आणि रिकाम्या चौरंगासमोर उभा राहून सांगून टाकलं. लाल गाडी, हंगेरी, चौथा नंबर, सगळं. मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला.

फोटो हातोहात फिरला. आबांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "ना गाव माहीत, ना कुय-गोत माहीत, आन मूठ टाकी दिनी?" मग त्यांनी निकाल दिला. घातलेली मूठ परत घेता येत नाही. पौर्णिमेच्या आत सहाव्याचे रोट मी एकट्याने संपवायचे.

सुलक्षणा उठली. पदराला पिन लावली आणि येऊन माझ्या शेजारी बसली. आबांनी नारळ चौरंगावर ठेवला. आरती होईपर्यंत ती समोरच बघत होती.

आरतीनंतर मी हळूच विचारलं, विश्वास बसला ना?

ती म्हणाली, "चार दिवस मी त्या सहाव्याच्या आईचा चेहरा कसा असेल तेच बघत होते. खोटं सांगायचं असतं तर तुम्ही याहून बरं काहीतरी सांगितलं असतं."

आज सकाळी तिने मला चार रोट वाढले. दोन माझे, दोन त्याचे. मी जेवायला बसलो आणि चारही संपवले.