पंधरा नंबर घरी गेले

८ फेब्रुवारी, शनिवार

अखेर पोचले. नाशिकचं बिऱ्हाड मोडलं, चौतीस वर्षं जिथे इंग्रजी शिकवलं त्या शाळेच्या फाटकाकडे रिक्षातून वळूनही पाहिलं नाही, आणि दुपारी दोनला व्यंकूच्या दारात उतरले. व्यंकू म्हणजे माझा धाकटा भाऊ व्यंकटेश. वय चौसष्ट, पण बॅग उचलण्यावरून माझ्याशी भांडताना चौदाचा. माझ्यासाठी त्याने मागची खोली रंगवून घेतली आहे. रंग खोकल्याच्या औषधासारखा आहे. तसं मी बोलूनही दाखवलं, आणि दोघंही पोट धरून हसलो. खिडकीतून टेकडी दिसते.

वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, गेल्या वर्षी व्यंकूचं बायपास झालं. आई-वडिलांमागे आम्ही दोघंच उरलो. हा माझ्या आधी जाता कामा नये, एवढ्याचसाठी मी इथे आले आहे.

घरकामाला चंपाबाई येतात. सोयगावकडच्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी विचारलं की बाई, तुमी लग्न का नाय केलं. मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. त्या म्हणाल्या, आता हाय की.

९ फेब्रुवारी, रविवार

आज आठव्या दिवशी नळाला पाणी आलं, आणि घरचा पुरुष कुदळ घेऊन टेकडीवर. बादल्या भरल्या मी.

टेकडीवर पूर्वी डिस्क गोल्फचं मैदान होतं. ते काय असतं हे मला आज कळलं. खांबाला साखळ्यांचा झुबका, त्याखाली लोखंडी टोपली. लांबून प्लास्टिकची थाळी फेकायची. साखळ्यांना लागून ती टोपलीत पडली की पुढच्या खांबाकडे चालू लागायचं. असे नऊ खांब. कमीत कमी फेकींत नऊ पुरे करील तो जिंकला. व्यंकूच्या कारखान्यातले कुणी साहेब हा खेळ परदेशात पाहून आले आणि त्यांनी टूलरूममध्ये टोपल्या बनवून घेतल्या. पहिली पाळी सुटली की इंजिनियरपासून फिटरपर्यंत सगळे टेकडीवर. पुढे कारखाना बंद पडला, तरी खेळ चालू राहिला. तो २०११ साली थांबला. का थांबला, असं विचारलं तर व्यंकूने थाळी पुसायला घेतली.

आता ती जमीन एका बिल्डरने घेतली आहे. संघपाल म्हणून एक जण आहे, तेव्हाचा सगळ्यांत धाकटा अप्रेंटिस, आता स्वतःचं वर्कशॉप चालवतो. त्याने बिल्डरकडून नऊ दिवस मागून घेतले, दहा ते अठरा. टोपल्या भंगारातून हुडकल्या, वेल्डिंग करून पुन्हा उभ्या केल्या. एकोणीसला बुलडोझर.

साठी उलटलेले बाप्ये थाळ्या फेकायला मिळणार म्हणून गहिवरले आहेत. पण व्यंकू आज दोन पोळ्या जास्त जेवला. म्हणून मी तोंड आवरलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मला नोकरी लागली. बिनपगारी.

कारखाना गेला तरी या लोकांची कारखान्याची सवय गेलेली नाही. मैदानाच्या फाटकाशी खिळे मारलेला लाकडी बोर्ड आहे. प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला आहे. वर जाताना बिल्ला खिळ्याला अडकवायचा, उतरल्यावर आपला आपण उचलायचा. बोर्डावर एक जरी बिल्ला असेल तरी कुणी घरी जायचं नाही. दुसऱ्याचा बिल्ला उचलणं तर महापाप. कारखान्यात त्यापायी माणसं कामावरून काढली जात.

बोर्डावर लक्ष ठेवायचं काम बद्रीनाथांचं. ते कारखान्यात टाइमकीपर होते. पण त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, म्हणून त्यांनी मला गळ घातली. म्हणाले, बाई, तुमी मास्तरीण, तुमचा लई धाक राहील. मी वितळले. खोटं कशाला लिहू.

चौदा जण खेळले. व्यंकूचा नंबर सहा. पहिल्याच टोपलीत त्याची थाळी पडली आणि साखळ्यांचा आवाज खालपर्यंत आला. त्याचा चेहरा मला खालूनही दिसला. असा चेहरा वहिनी होती तेव्हाचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज एक चावटपणा झाला.

सव्वासहापर्यंत चौदाही जण उतरले, चौदाही जणांनी बिल्ले उचलले. बोर्डावर एक उरलाच. पंधरा नंबर. मी विचारलं, हा कुणाचा? सगळे आपापल्या जागी दगडांवर बसून राहिले. बद्रीनाथांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अंधारायला लागलं, डास फोडून काढत होते, आणि चौदा म्हातारे गप्प. पाऊण तासाने पाहते तर खिळा रिकामा. मग सगळे उठले आणि चपला ओढत निघाले.

वाटेत व्यंकूला धारेवर धरलं, तेव्हा बोलला. पंधरा नंबर काकासाहेबांचा. पाचोडचे फिटर, डावखुरे, सगळ्यांत लांब फेकणारे. २०११ साली एका संध्याकाळी बद्रीनाथांना लग्नाला जायचं होतं. बोर्डावर एक बिल्ला होता. काकासाहेब विसरून गेले असतील, असं म्हणून त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. काकासाहेब सकाळी सापडले, सातव्या टोपलीपाशी. हार्ट. म्हणून मैदान बंद झालं.

मी म्हटलं, वाईट झालं. पण त्या माणसाच्या नावाने बिल्ले अडकवून ठेवणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. शाळेत असली मस्करी करणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे.

व्यंकू रात्रभर खोकला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तेच. चौदा गेले, पंधरावा लटकतोय. पुन्हा सगळे दगडांवर. गार वारा सुटला होता, व्यंकूने छातीवर हात दाबून धरलेला मी पाहिला, आणि माझं डोकं फिरलं. उठले, पंधरा नंबर खिळ्यावरून काढला, पर्समध्ये टाकला आणि वर्गात बोलावं तशी खणखणीत बोलले की पंधरा नंबर घरी गेले, चला आता.

कुणी हललं नाही. बद्रीनाथांनी हळूच विचारलं की कुणाच्या घरी. मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या.

व्यंकूला शाल गुंडाळून घरी आणलं. आलं घालून चहा दिला. रात्री पर्स उघडली. बिल्ला नव्हता. पर्सचं अस्तर फाटलं आहे, पडला असेल वाटेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पंधरा नंबर आलाच नाही. मी मनात म्हटलं, बघा, एकदा दटावलं की संपतं.

पण व्यंकू उशिरा उतरला, सगळ्यांच्या मागून, एकटा. सातव्या टोपलीपाशी दम लागून बसला होता, असं संघपाल म्हणाला. उतरला तो थेट बोर्डावरून पुढे. मी म्हटलं, अरे, तुझा बिल्ला. तो न थांबता म्हणाला, ऱ्हाऊ द्या ओ बाई.

आयुष्यात त्याने मला ताईशिवाय हाक मारलेली नाही. थट्टा असेल. दमला असेल. मीही दमले आहे.

सहा नंबर बोर्डावर तसाच. मी हात लावला नाही. संघपालने लावला, पण तो खिळ्यावरून निघेना. त्याने पक्कड आणली, तरी निघेना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जे पाहिलं तेवढंच लिहिते.

सकाळी तो जमिनीवर झोपलेला होता. पलंग जसाच्या तसा. न्हाणीघर कुठे आहे ते चंपाबाईंना विचारलं. पोळी नको म्हणाला, भाकरी आणि ठेचा मागितला, आणि डाव्या हाताने जेवला. चंपाबाई खूश. साहेब आमच्याकडचं बोलाया लागले म्हणून हसत होत्या. दोघांनी पावसापाण्याच्या, कापसाच्या गप्पा मारल्या. व्यंकूला कापसातलं शर्टापलीकडे काही कळत नाही.

अंघोळीनंतर उघडा उभा राहून छातीवरच्या टाक्यांवरून बोट फिरवत होता. म्हणाला, हे काय केलंय ह्यांनी.

मग वहिनीच्या फोटोपाशी गेला. मला अदबीने विचारलं की या बाई कोन.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, वयाच्या मानाने आश्चर्य वाटावं इतकं.

१६ फेब्रुवारी, रविवार

चंपाबाई आल्या नाहीत. फोनवर सांगितलं की साहेबांनी त्यांना पाचोडच्या एस.टी.ची वेळ विचारली, आणि म्हणाले की घरी बाजाराच्या दिवशी यतो सांगून निघालो व्हतो, मालकीण वाट बघत आसंल. चंपाबाईंचं माहेर पाचोडजवळचं. काकासाहेबांची बायको त्यांना ठाऊक होती. गेली ती, करोनात.

बद्रीनाथांकडे गेले. त्यांनी डोळ्यावरची हिरवी पट्टीही वर केली नाही. म्हणाले, बाई, माझी चूक ही की मी बिल्ला बघून बघितला नाय. तुमची माझ्याहून मोठी. तुमी त्याला घरी धाडलं. जितके वर जातात तितके खाली यायला पायजेत. तो खाली आला तर त्याच्या जागी वर कोनीतरी ऱ्हाणारच.

मी त्यांना अडाणी म्हटलं. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी चारला एकटी सातव्या टोपलीपर्यंत चढले. वारा नव्हता. साखळ्या हलल्या. मग कुणीतरी घसा साफ केला, दोनदा, मधे थांबून. लहानपणापासून व्यंकू तसाच करतो.

मी हाक मारली.

अगदी जवळून, फार दमलेल्या आवाजात, ताई.

कुणी नव्हतं. मी चारी बाजूंनी फिरले. कुणी नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

त्याने पिशवी भरली आहे. उद्या शेवटचा डाव, मग पाचोड. व्यंकूचं अंग घेऊन.

समोर बसवलं. ओरडले, मग रडले. एवढं आयुष्य गेलं, मी कुणासमोर रडले नव्हते. तो वाईट माणूस नाही — हेच सगळ्यांत भयंकर. मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, चौदा वर्षं उभा हाय ओ बाई, पाय भरून आलेत. मी कुनाचं काय वढून घ्याया आलो नाय. तुमीच म्हनला, घरी गेले. मग म्या आलो घरी.

मालकीण गेल्याचं सांगितलं. त्याने पिशवीचा बंद आवळला. मग, घर तर आसंल.

परवा बुलडोझर. टोपली उपटली की व्यंकूला उभं राहायला जागाही —

विचारलं, माझं चालेल का. अंग.

हसला. बाईमाणसाचं? गुडघे गेलेले?

मी म्हटलं, गुडघे गेलेत, पण पाचोडपर्यंत पोचतील. त्याचं हृदय तर टाके घालून शिवलंय, किती टिकणार? खोटं बोलले. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला कळलं नसावं.

विचार करून म्हणाला, चालंल. सातव्यापाशी. तुमी फेका. लागली पायजे मात्र.

मी जन्मात काही फेकलेलं नाही. खडूसुद्धा नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून अंगणात बादलीवर थाळी फेकतेय. खांदा दुखतो. अकरात एक.

चार वाजता. बाकीचे पुढे गेले. शेवटचा डाव म्हणून रडत, हसत. आम्ही दोघं मागे. संघपालला सांगितलं, पुढे हो. तो माझ्याकडे पाहत होता. त्याला कळलं असावं.

सातवी टोपली. वही बरोबर आणली आहे. लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही.

पहिली फेक, झुडपात. तो जाऊन थाळी घेऊन आला. दुसरी खांबाला. तिसरी —

पाचवी. साखळ्या वाजल्या.

तो मटकन खाली बसला. डोकं गुडघ्यात. मग मान वर केली, घसा साफ केला, दोनदा —

ताई, आपण इथे काय करतोय? किती वाजले? पाय मोडलेत माझे.

देवा. देवा.

धरलं त्याला. घामाने भिजला होता. त्याला काही आठवत नाही. फक्त उभं राहिल्याचं, म्हणाला, फार वेळ उभं राहिल्याचं.

सांगितलं, खाली जा, बिल्ला उचल, घरी जा. मी पाच मिनिटं लिहिते आणि येते. कुरकुरला, इथे बसून कसलं लिहिणं म्हणून. मी दटावलं. गेला. माझं ऐकतो अजून.

शेजारी कुणीतरी बसलंय. घाई करत नाही. फक्त म्हणतंय, जरा सरका बाई.

सरकायचं कसं ते मला —

डावा हात जड झाला. पेन त्याच हातात आहे. मी नाही धरलं त्यात.

इथून फाटक दिसतं. व्यंकू बोर्डापाशी पोचला. हात वर केला. निघाला बिल्ला. एका झटक्यात निघाला. बद्रीनाथांनी त्याचे दोन्ही हात धरले आहेत.

आता फाटकाबाहेर. रस्त्याला लागला. चांगला चालतोय. वळून पाहू नकोस, बाळा, तसाच जा

गुडघे दुखायचे थांबले. गार आहे. फार दमल्यासारखं, पण निजता येणार नाही असं. उभं राहायला जागा आहे इथे, एवढीशी. उद्या तीही —

तो वळणावर दिसेनासा झाला. मी अजून बसलेच आहे. मी उठत नाहीये. पण अंग उठ