येताना आपलं माणूस घेऊन या

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (एकवीस वर्षं गिऱ्हाइकांच्या नाकापर्यंत वाकून चष्म्याच्या काड्या सरळ करणाऱ्या माणसाचा हा नमस्कार आहे, तेव्हा वरवरचा समजू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींच्या सकाळच्या शिंका अठरावर आल्या की अजून बावीसच? इकडे आम्ही तिघंही मजेत. तुझी भावजय मजेत आहे कारण मी हल्ली घरात कमी असतो. तुझी भाची मजेत आहे कारण तिला हसायला मी रोज नवीन कारण पुरवतो. आणि मी मजेत आहे असं त्या दोघी म्हणतात.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. ताई, तीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसून तुझ्या कानाला एक वळण लागलंय. तीन मिनिटं झाली की तू "अजून काही?" म्हणतेस आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरी लाइन घ्यायची असल्यासारखा फोन ठेवतेस. आता दुसरी लाइन नाही, बोर्डही नाही, पण सवय काही जात नाही. मला सांगायचंय ते तीन मिनिटांत मावणारं नाही. पत्र तू फार तर बाजूला ठेवशील, कट करू शकणार नाहीस.

तर माझी नोकरी जातेय. घाबरू नकोस (ते काम मी आधीच उरकलंय). मालकांनी दुकानात एक आरसा आणलाय, माणसाएवढा उंच. समोर उभं राहिलं की तो आपला चेहरा मोजतो, एकामागून एक फ्रेमी आपल्या नाकावर चढवून दाखवतो आणि बाईच्या गोड आवाजात सांगतो की ही फ्रेम आपल्याला फारच शोभून दिसते आहे. मला म्हणाला, मालकांना म्हणाला, आणि परवा झाडणाऱ्या मावशी केरसुणी उभी धरून समोरून गेल्या तर केरसुणीलाही म्हणाला. त्या दिवसापासून मावशी त्याच्यापुढून जाताना पदर सारखा करतात. मला तर दाट संशय आहे की हा आवाज तुझ्या इस्पितळात 'चौकशीसाठी एक दाबा' म्हणणाऱ्या बाईचाच आहे. म्हणजे आधी तिने तुला उठवलं, आता मला उठवतेय. आपल्या घराण्यावर तिचा काय राग आहे कळत नाही.

मालक मात्र वाईट नाहीत. त्यांनी चार महिन्यांची मुदत दिली, चहा पाजला आणि वर सल्लाही दिला, की असे आरसे बनवणाऱ्या कंपन्यांना चेहऱ्यातलं कळणारी माणसं हवीच असतात, फक्त कॉम्प्युटर यायला हवा. घरी आल्यावर तुझ्या भाचीने दहा मिनिटांत माझ्यापुढे अशा वर्गांची यादी ठेवली. त्यांना बूट कॅम्प म्हणतात. म्हणजे चार महिने माणसाला इतकं पिळायचं की तो त्रेचाळीस वर्षांचा चष्मेवाला म्हणून आत जातो आणि कॉम्प्युटरवाला म्हणून बाहेर येतो. मी म्हटलं, वर्ग निवडणं मला काय अवघड आहे? मी आयुष्यभर लोकांना निवड करायलाच तर मदत केली. तुझी भावजय यावर कणीक जरा जोरात मळायला लागली.

पहिला वर्ग एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होता. आत इतकं गार होतं की मला आधी वाटलं, इथे माणसं शिकवत नसून टिकवून ठेवत असावेत. तिथल्या सल्लागार मुलीने मला खुर्चीत बसवलं, माझं सगळं आयुष्य एका फॉर्मवर उतरवून घेतलं, फॉर्मकडे बघून "वा" म्हणाली (आजवर माझ्या आयुष्याकडे बघून कोणी वा म्हटलं नव्हतं), आणि मग आवाज खाली आणून सांगितलं की फक्त दोनच जागा शिल्लक आहेत. ताई, मला हसू आवरेना. या रंगात ही शेवटचीच आहे, असं मी एकवीस वर्षं म्हणत आलोय आणि त्या वेळी खालच्या खणात तशाच अकरा पडलेल्या असतात. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि आठवड्याने मुद्दाम पुन्हा गेलो. दोनच जागा शिल्लक होत्या. म्हटलं, अशा युक्त्यांना दुसरं कोणी भुलेल, मी त्यातला नव्हे. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

दुसऱ्या वर्गात भिंतभर फोटो होते. इथे शिकून मोठ्या कंपन्यांत लागलेली मुलंमुली, सगळी दात दाखवून हसणारी, प्रत्येकाच्या खाली पगाराचा आकडा. तिथला साहेब अभिमानाने फोटो दाखवत होता आणि मी आपला सवयीने फोटोंतले चष्मे बघत होतो. बघता बघता लक्षात आलं की पाच जणांच्या नाकावर एकच चष्मा आहे. एकसारखा नव्हे, तोच. उजव्या बिजागरीचा स्क्रू पिवळा आणि डावीकडचा पांढरा, पाचही फोटोंत. वर त्यात काचाही नव्हत्या, नाहीतर काचेवर उजेड दिसला असता. मी अगदी सभ्यपणे, काही बोलायचं म्हणून, स्क्रू बदलून देऊ का असं विचारलं. साहेबाने मला दारापर्यंत सोडलं. लिफ्टचं बटणही त्यानेच दाबलं.

तिसरा वर्ग घरबसल्या होता. भाचीने तिचा लॅपटॉप लावून दिला, कुठलं बटण दाबायचं नाही ते तीनदा सांगितलं आणि मी तेच दाबलं. त्यामुळे पडद्यावरच्या चाळीस जणांना पहिली दहा मिनिटं तुझी भावजय आणि मी यांच्यातली ओल्या टॉवेलवरची चर्चा ऐकायला मिळाली. (चर्चा जुनी आहे. तूही ऐकलेली आहेस.) मग शिकवणाऱ्या मुलाने फळ्यासारखं काहीतरी उघडलं आणि विचारलं, सगळ्यांना दिसतंय ना? एकजण म्हणाला, पुसट दिसतंय. झालं. माझ्या तोंडून निघून गेलं की डावा डोळा झाका आणि खालून दुसरी ओळ वाचा. ताई, त्या बिचाऱ्याने झाकला आणि वाचली. त्यापाठोपाठ आणखी सहा जणांनी झाकले. त्यातल्या दोघांना नंबर निघाला, मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला, आणि वर्गाची वेळ संपली. शिकवणारा मुलगा शेवटपर्यंत माझ्याकडे असा बघत होता की मला त्याची दया आली. तुझी भाची शेजारणीकडे जाऊन बसली ती जेवायलाच परत आली.

चौथा वर्ग मला कोणी सुचवला नाही, तो मी चुकून पाहिला. कपडे धुण्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. जिना चढताना साबणाचा वास येतो आणि खालची मोठी यंत्रं सुरू झाली की वरची बाकं हलतात. शिकवणाऱ्या बाई साधारण तुझ्या वयाच्या. त्यांच्या चष्म्याची एक काडी इतकी वाकडी होती की माझे हात शिवशिवायला लागले. त्या मला सांगत होत्या की नोकरीची हमी आम्ही देत नाही, पहिले तीन आठवडे काही कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी जरा जास्तच कळणार नाही. हे ऐकता ऐकता मी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, काडी सरळ केली आणि परत घातला. न विचारता. फळ्याकडे बघून त्या म्हणाल्या की चार वर्षं मला वाटत होतं फळाच तिरका लावलाय.

मग त्यांनी मला कागद दिला. कॉम्प्युटर बिंप्युटर नाही, साधा कागद. म्हणाल्या, ज्याला फ्रेम निवडताच येत नाही अशा गिऱ्हाइकाला फ्रेम कशी द्यायची ते लिहा, पण असं लिहा की ज्याने कधी दुकान पाहिलं नाही त्यालाही जमेल. मी अर्ध्या तासात चौदा पायऱ्या लिहिल्या. त्यात गोल चेहऱ्याला काय दाखवायचं, तीस फ्रेमी बघून माणूस पहिलीवरच परत येतो म्हणून पहिली हाताशी कशी ठेवायची, सोबतचा नवरा दोनदा खोकला तर कुठला खण उघडायचा, सगळं आलं. बाई म्हणाल्या की याला आम्ही प्रोग्राम म्हणतो. ताई, मला काय वाटलं सांगू? मला शाळेत कधी शाबासकी मिळाली नव्हती, ती तिथे मिळाली. छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण सांभाळावं लागलं.

आणि तिथेच माझी फजिती झाली. माझी पहिली पायरी तुला माहीत आहे, गिऱ्हाईक एकटं आलं असेल तर त्याला परत पाठवायचं आणि येताना आपलं माणूस घेऊन या असं सांगायचं. कारण साधं आहे. ज्याला चष्मा लागतो त्याने आपला चष्मा काढून नवी फ्रेम घातली की त्याला आरशात स्वतःचा चेहरा धड दिसतच नाही. त्याला दिसतो तो एक धुरकट गोळा. कसं दिसतंय हे सांगायला शेजारी खरं बोलणारं कोणीतरी लागतं. (त्या आरशाला हे माहीत नाही. तो धुरकट गोळ्यालाही शोभून दिसता म्हणतो.) बाईंनी पहिली पायरी दोनदा वाचली आणि सरळ केलेल्या चष्म्यातून माझ्याकडे बघून विचारलं, "मग तुम्ही एकटे का आलात?"

बायकोला घरच्या कामांतून वेळ नसतो, मुलीला माझी लाज वाटते, असं काहीबाही बोललो. दोन्ही खोटं. जिना उतरलो आणि खालच्या यंत्रांत लोकांच्या चादरी गरगर फिरताना बघत बराच वेळ उभा राहिलो. खरं असं की चारही ठिकाणी मी ऐटीत गेलो, पण मी आत कसा दिसत होतो हे मला अजिबात माहीत नाही. वाकडी काडी सरळ करणारा हुशार माणूस दिसत होतो, की पोराटोरांच्या वर्गात बसायला आलेला एक घाबरट काका? मी घाबरलोय, ताई. तुझ्याशिवाय हे दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं.

असो. चारही वर्गांची हकिकत तुझ्यापुढे ठेवली आहे. घाई काही नाही. निवांत विचार करून कुठला वर्ग बरा ते कळव. तुझं मत आलं की मगच मी पुढचं पाऊल टाकीन. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या शिंकांना शुभेच्छा.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ

ता. क. वर 'मगच पुढचं पाऊल टाकीन' असं लिहिलंय ते वाचू नकोस. साबणाच्या वासाच्या वर्गात मी परवाच नाव घातलं.

ता. क. दुसरा. नावं घातली. दोन. झालं असं की बाईंच्या टेबलावर पाटी होती, दोघांनी मिळून नाव घातल्यास दुसऱ्याची फी निम्मी. 'एका चष्म्यावर दुसरा निम्म्यात' ही पाटी मी एकवीस वर्षं स्वतःच्या हाताने दुकानात लावत आलोय आणि ती वाचून आत येणाऱ्यांना मनातल्या मनात हसत आलोय. तरी माझा हात खिशाकडे गेलाच. दुसरं नाव तुझं आहे. फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात मी 'तीस वर्षं, कोणाला कुठे जोडायचं ते क्षणात ठरवणे' असं लिहिलं. बाई म्हणाल्या, यांना लवकर आणा.

ता. क. तिसरा. रागावण्याआधी हे वाच. बाबा आजारी पडले तेव्हा तू गणिताच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. तू पुस्तकं माळ्यावर टाकलीस आणि बोर्डावर जाऊन बसलीस. त्या पगारात मी शिकलो (आणि दोनदा नापासही झालो, तेही त्याच पगारात). मी याबद्दल तुला कधी एक शब्द बोललो नाही. दर रविवारी तू फोनवर म्हणतेस की बरं चाललंय, झाडांना पाणी घालते. ताई, तुझ्याकडे चार कुंड्या आहेत. त्यांना किती पाणी घालशील? पण उपकार फेडायला बोलावतोय असं समजू नकोस. त्या वर्गात माझ्या खालोखाल वयाने मोठा मुलगा सव्वीसचा आहे आणि दुसऱ्या आठवड्यापासून गणित आहे. मला शेजारी तू हवी आहेस. भाऊजींना मी आधीच फोन केला होता. ते म्हणाले, घेऊन जा, ती हल्ली माझ्या शिंका मोजते.

ता. क. चौथा. वर्ग एक तारखेपासून. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सहा ते नऊ. त्या तीन दिवशी मुक्काम आमच्याकडे, तुझ्या भावजयीने खोलीही आवरली. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर मी रुमाल टाकून आलोय. फक्त दोनच जागा शिल्लक होत्या. या वेळी खरंच होत्या, मी मोजल्या.

ता. क. शेवटचा. येताना तुझा जुना चष्मा घेऊन ये. मी नोकरीला लागलो त्या वर्षी तुला करून दिला होता तोच अजून लावतेस ना? नंबर नक्की वाढला असणार. एक तारखेला दुपारी आधी दुकानात ये, तपासू आणि नवी फ्रेमही निवडू. त्या आरशापुढे उभी राहू नकोस. आणि सोबत कोणाला आणायची गरज नाही. मी आहे.