शार्फकोगलवरची पहिली सही

ती. नोटबुर्गा आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, जुन्याला आणि डॉक्टरांनी नव्याने बसवलेल्याला, कास्सियानचा नमस्कार. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, तू चर्चमध्ये दिसली नाहीस. चर्चच्या तेरा पायऱ्याही आता चढवत नाहीत, असं तूच बाबांना कळवलंस म्हणे. ऐकून वाईट वाटलं. (तुझे स्की बाबांनी माळ्यावर कुलपात ठेवलेत, काळजी नसावी.)

आता माझी कथा ऐक. शार्फकोगलच्या शिखरावर क्रूसाखालच्या डब्यात, चढून येणाऱ्यांच्या सह्यांसाठी वही असते; तीत वर्षाची पहिली सही आपल्या लादनर घराण्याची, हे आजोबांपासून चालत आलेलं. चाळीस वर्षं तू ती राखलीस. यंदा तू बसलेली, म्हणजे घराची अब्रू माझ्या पायांवर. त्यात समोरच्या घरातल्या त्या फाइटने (नाकापेक्षा मोती जड) यंदाची सही आपलीच, असं गावभर सांगून ठेवलेलं. नव्या वर्षाचे पहिले पाच दिवस बर्फ थांबेना. सणाला आकाश उघडलं, पण चर्च सोडून त्या दिवशी डोंगरावर जाईल असा माणूस आपल्या गावात जन्माला यायचाय. मी दुसऱ्या दिवशी उजाडताच हाम्बुर्गचं एक जोडपं घेऊन वाटाड्या म्हणून निघालो. उन्हाळ्यात चालणारे आणि हिवाळ्यात स्कीवाले कुठून कुठून या डोंगरासाठी येतात, पण यंदा तुमच्याआधी कुणीही नाही, असं त्यांना ऐटीत सांगितलं.

झाडी संपली आणि समोर वर गेलेला स्कीचा माग. फाइट, दुसरं कोण. मग माझं तोंड सुटलं ते तीन तास. माग तरी कसा, नाकासमोर उभा, बकरीला धाप लागेल असा. ज्याने काढला त्याला अक्कल नाही, दया नाही, घरचं वळण नाही, सगळं बोललो. जोडप्यातल्या बाई म्हणाल्या, माणूस दमाचा दिसतो. मी म्हटलं, दम कसला, नुसता माज आहे.

वर क्रूसापाशी हात मिळवले आणि डब्यातून वही काढली. पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं: नोटबुर्गा लादनर, वय शहात्तर. बर्फ उत्तम. गुडघा उत्तम. तारीख सणाची, वेळ ऐन प्रार्थनेची.

आत्या, मी तिथेच बर्फात बसलो. उत्तरेच्या उतारावर खाली गेलेली तुझ्या स्कीची वळणं दिसत होती, बारीक, एकसारखी, पार तळापर्यंत. बाईंनी विचारलं, कोण हो ही? माझी आत्या, असं सांगताना माझी छाती दोन इंच फुगली. तुझ्याखाली दुसरी सही केली. आजवर इतक्या अभिमानाने कुठे केली नव्हती.

तुझा भाचा,
कास्सियान

ता. क. मागाबद्दल बोललो ते सगळं परत घेतो. चढ मात्र जरा जास्तच उभा होता.

ता. क. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. पण आज फाइट वर गेलाय, आणि त्याला वाचता येतं.

ता. क. घरी येऊन माळा पाहिला. कुलूप शाबूत आहे, तुझे स्की जागच्या जागी. गोठ्यातले माझे जुने स्की तेवढे दिसत नाहीत. परत करायची घाई नाही. पुढच्या वर्षी फक्त त्यांच्याबरोबर मलाही ने. मागे मागे येईन, तोंड मिटून.