न्यागूची विहीर

४ मे १९३१
पाकुरेनी गावात पोचलो. टेकड्या हिरव्यागार, जेवण झकास, हवेला कच्च्या तेलाचा वास. तेल कंपनीने गावाचा १८९४चा नकाशा नव्याने काढायला दिलाय. उंचीच्या रेषा काय सुबक! शिवाय हाताने खणलेल्या सदतीस तेलविहिरी, प्रत्येकीवर आत मरून तिथेच राहिलेल्या माणसाचं नाव. कंपनीचे इंजिनियर चेर्नात म्हणाले, बुजवलेल्या विहिरी नकाशातून गाळून टाक. तिथे बांधलेली घरं विकायचीत. मढ्यावर चूल कोण मांडील? काम झालं की एक घर मला.

११ मे
साफ्तामावशींच्या खाणावळीत जेवतो. त्यांचा नवरा न्यागू चौदाव्या विहिरीत राहिला. सांगत होत्या, आत वायू, म्हणून दिवा नेत नसत. विहिरीच्या तोंडाशी आरसा धरून ऊन खाली सोडायचं, भात्याने हवा. वायू भरला की संपलं. मृतांच्या शनिवारी गाव अजून चर्चमधला जुना नकाशा बघून विहिरी शोधतं, प्रत्येकीवर भाता चालवतं. मेलेल्यांना हवा कशाला, मी विचारलं. म्हणाल्या, तुला फुकट मिळते म्हणून विचारतोस. मग मक्याच्या पिठाची मामालिगा वाढता वाढता बजावलं, आमच्या म्हाताऱ्यावर रबर फिरवू नकोस हो, त्याला गुदगुल्या होतात.

२३ मे
नकाशा मंजूर. चर्चमधली प्रतही चेर्नातनी उचलून नेली. बायको इलिंका बाळाला घेऊन आली. मिळालेलं घर उजेडाचं, ती खूश. स्वयंपाकघर बरोबर चौदाव्या विहिरीवर आहे. हे घरात फक्त मला ठाऊक. बोललो तर घर जाईल.

३० मे, मृतांचा शनिवार
बायका भाते घेऊन कुंपणाकुंपणाने फिरल्या. जागा सापडेनात. साफ्तामावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, बाबा रे, माझा माणूस कुठे ठेवलास? मी खांदे उडवले.

३१ मे
चुलीशी काडी पेटत नाही. पडदे आत ओढले जातात, फरशीकडे. इलिंका हसून म्हणाली, घराला दम लागलाय. चेर्नात म्हणाले, खिडक्या उघडा.

१ जून
उघडल्या. वारा आत येतो — बाहेर जात नाही. फरशीखालून श्वास. लांब, सावकाश. बाळाचे ओठ निळसर. इलिंका म्हणाली, दुसरीकडे जाऊ. मी म्हटलं, उद्या बघू.

२ जून, दुपार
इलिंकाने सरळ विचारलं, या घराखाली काही आहे का. नाही म्हटलं.
दोघं झोपलीत. उठली की सांगतो.
नको, आत्ताच — हाक मारली. पुन्हा मारली.
त्यांचा श्वास ऐकू येत नाही. खालचा मात्र भरभरून — आणि माझा —