पत्र्याची कोठी

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आज बीडच्या दवाखान्यात बाकावर बसून कागदावर तुमच्याशी भांडतेय. बसवत नाही, उठवत नाही. आत बंद खोलीत माझी दीड वर्षाची नात लेकीच्या मांडीवर आहे. तिला कोणते आवाज येतात, कोणते नाहीत, ते मशीनवर बघताहेत.

तुम्ही शिरूरचे इंजिन मिस्त्री. विहिरीवरचं डिझेल इंजिन लांबून ऐकूनच म्हणायचे, "नोझल खराब हाय बे याचं." अशा कानाच्या माणसाच्या पोटी आपली धाकटी, माझी बहीण. अडीच वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून आई मागं लागली, पोरीला शहरात दाखवा. मला अजून दिसतं. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही धाकटीच्या पाठीमागं जाता आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर दणकन बुक्की मारता. धाकटी दचकून वळते. "बघ! ऐकू येतंय की तिला. कावून रडतीस? आपल्यात समदेच उशिरा बोलतेत." झालं, विषय मिटला. सात वर्षांची झाल्यावर शाळेतल्या बाईंनी तपासायला लावलं तेव्हा कळलं, जाड आवाज तिला येत होते, बारीक कधीच नाही. आज ती पंचेचाळिशीची आहे, माझ्याकडेच असते, आणि मला साधं 'अक्का' म्हणता येत नाही तिला.

मघाशी पहिली तपासणी झाल्यावर इथल्या मॅडम म्हणाल्या, "आजी, मेंदूत बारीक आवाजाचं रान वेगळं, जाड आवाजाचं वेगळं. लहानपणी आवाज पोचत राहिला तरच ते रान तयार होतं. नाही पोचला तर पडीक राहतं, मग शेजारचा बांध कोरत आत येतो. नंतर सोडवणं लई अवघड." बांध कोरणं आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागतं? मी विचारलं, "आमचं किती कोरलं?" त्या म्हणाल्या, "अजून वेळ आहे. कानाला मशीन लावू. पण आधी का नाही आणलं?" लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी पर्सची चेन उघडझाप करत बसले.

ओळखलं ते धाकटीनं, अण्णा. ती कुकरच्या शिट्ट्या वाफेवर मोजते. शिट्टी झाली की आम्ही सगळे वळायचो, पोर खेळतच राहायची. सहा महिन्यांपूर्वी धाकटीनं आधी स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग पोरीच्या. पुन्हा पुन्हा. मी तिचा हात झटकला. मागच्या आठवड्यात तिनं लेकीलाच हाताला धरून तेच दाखवलं, म्हणून आज इथं आलो.

आतून लेक हाक मारतेय, उठते. हा कागद पर्समध्येच राहील. फक्त एक गोष्ट लेकीपुढं अजून कबूल केली नाही, ती तुम्हाला सांगते. धाकटीचा हात झटकला त्या दिवशी ते बघून लेक घाबरून रडायला लागली, तेव्हा मीच उठून कोठीवर बुक्की मारली. तीच कोठी, धाकटीबरोबर माझ्या घरी आलेली. पोर दचकून वळली. मी लेकीला म्हटलं, "बघ, ऐकू येतंय की." सगळं माहीत असून म्हटलं, अण्णा, आणि पोर वळली म्हणून मला इतका आनंद झाला की मी तिच्या तोंडात गूळ घातला.